छपाईपलीकडचे मोल : रायपुरातील लघु डिझाइन व्यवसाय

लघु डिझाइन व्यवसाय म्हणजे बोधचिन्ह, वेष्टन, पत्रिका, फलक, पुस्तकाचे मुखपृष्ठ किंवा कापडावरची नक्षी यांचा आधी विचार करून, तो विचार छापता, विणता वा ओतता येईल अशा अचूक आराखड्याच्या रूपात ग्राहकाच्या हाती देणारा आणि त्याचा मोबदला घेणारा व्यवसाय होय. या व्याख्येत छपाईचा समावेश नाही, आणि व्यवहारात नेमकी हीच गोष्ट सर्वांत उशिरा ध्यानात येते. छपाई हा कागद, शाई, यंत्र आणि मजुरी यांचा व्यवसाय आहे; डिझाइन हा निर्णयांचा आणि त्या निर्णयांवरील हक्कांचा व्यवसाय आहे. रायपूरसारख्या शहरात हे दोन्ही व्यवसाय वर्षानुवर्षे एकाच गल्ल्यावर चालत आल्यामुळे दुसऱ्याला स्वतःची किंमत क्वचितच लावता आली, आणि म्हणून तेथे स्वतंत्र डिझाइन-व्यवसाय उभा करू पाहणाऱ्यापुढे भांडवल आणि जागा यांच्याही आधी येणारा प्रश्न हे दोन व्यवहार वेगळे कसे करावेत हा असतो.

या शहराची बाजारपेठ समजून घेतल्याखेरीज या प्रश्नाचे स्वरूप कळत नाही. छत्तीसगढचा प्रदेश अठराव्या शतकाच्या मध्यापासून नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होता, १८५४ मध्ये तो इंग्रजांकडे गेला, आणि १९५६ पर्यंत रायपूर हे नागपूर राजधानी असलेल्या प्रांतातले शहर होते. तात्यापाऱ्यासारख्या जुन्या वस्त्यांत स्थिरावलेली मराठी कुटुंबे आणि शहरातले महाराष्ट्र मंडळ ही त्या इतिहासाची आजची खूण आहे. त्यानंतर मध्य प्रदेशात गेलेल्या या शहराला १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगढ राज्याच्या स्थापनेबरोबर राजधानीचा दर्जा मिळाला, आणि शासकीय कार्यालये, रुग्णालये, महाविद्यालये, शिकवणी वर्ग, गृहप्रकल्प असा छापील आणि दृश्य मजकुराची सतत गरज असणारा नवा ग्राहकवर्ग तेथे तयार झाला. जुना ग्राहकवर्ग तर होताच : उरला आणि सिलतरा या औद्योगिक क्षेत्रांतले पोलादाचे कारखाने, शहराभोवतालच्या भाताच्या गिरण्या, पंडरीचा कापडबाजार, सदर बाजारातील सराफांच्या पेढ्या आणि गोल बाजारातील किरकोळ व्यापारी. म्हणजे कामाचा तुटवडा नाही. तुटवडा आहे तो कामाच्या ज्या भागाला डिझाइन म्हणतात त्याचे स्वतंत्र देयक करण्याच्या रिवाजाचा.

हा रिवाज का पडला नाही, ते कोणत्याही छपाईच्या दुकानात पाहता येते. ग्राहक संगणकाशेजारी स्टुलावर बसतो, चालक कोरलड्रॉमध्ये जुनीच एखादी फाइल उघडून नाव बदलतो, ग्राहक ‘हे थोडे मोठे करा, ते लाल करा’ असे सांगत राहतो, आणि अर्ध्या तासाने तयार झालेला मजकूर फ्लेक्सच्या यंत्रावर जातो. देयकावर फक्त चौरस फुटांचा हिशेब असतो. या व्यवहारात डिझाइन फुकट आहे असे ग्राहकाला वाटते, पण ते फुकट नसते : त्याचा खर्च छपाईच्या दरात मिसळलेला असतो, आणि छपाईच्या दरातील स्पर्धा तीव्र असल्यामुळे तो भाग दिवसेंदिवस आकसत जातो. परिणामी चालकाला विचार करायला वेळ देणे दुकानदाराला परवडत नाही, विचार न झाल्यामुळे सर्व फलक एकसारखे दिसतात, आणि सर्व फलक एकसारखे दिसत असल्यामुळे डिझाइनसाठी वेगळे पैसे मोजण्याचे कारण ग्राहकाला दिसत नाही. हे चक्र तोडण्यासाठी नव्या व्यावसायिकाला उपदेशाचा उपयोग होत नाही. ज्या कामात चुकीच्या निर्णयाची किंमत ग्राहकाला रोख मोजावी लागते असे काम निवडणे हाच त्यावरचा खरा उपाय आहे.

असे काम रायपुरात तांदळाच्या बोरीच्या रूपाने उपलब्ध आहे. तांदळाची बोरी वरवर पाहता साधी दिसते, पण लघु डिझाइन व्यवसायाचे जवळजवळ सगळे शास्त्र तिच्यात साठवलेले आहे. विणलेल्या प्लास्टिकच्या, म्हणजे पॉलिप्रोपिलिनच्या पट्ट्यांच्या बोरीवर बहुधा फ्लेक्सोग्राफी या पद्धतीने छपाई होते : प्रत्येक रंगासाठी एक लवचीक, उठावाची पट्टी तयार करून ती रुळावर गुंडाळतात, आणि फिरत्या रुळाखालून बोरीचे कापड सरकत जाते. प्रत्येक रंगाला वेगळी पट्टी लागत असल्यामुळे रंग वाढला की खर्च वाढतो. पट्ट्या एकमेकींशी तंतोतंत जुळत नसल्यामुळे दोन रंगांच्या सीमेवर पांढरी फट दिसू नये म्हणून एका रंगाची कड दुसऱ्याखाली किंचित सरकवून ठेवावी लागते. आणि विणीचा पृष्ठभाग खडबडीत असल्यामुळे शाई पसरते. पडद्यावर देखणे दिसणारे बारीक देवनागरी अक्षर या पृष्ठभागावर आले की ‘ध’ आणि ‘घ’ यांच्या पोटातील जागा बुजते, अनुस्वार शिरोरेषेला चिकटतो आणि जोडाक्षराचा गठ्ठा होतो. म्हणून बोरीवरचे अक्षर कागदावरच्या अक्षरापेक्षा मोकळे, जाड रेषेचे आणि मोठ्या पोटाचे असावे लागते. चकचकीत छायाचित्र हवे असेल तर पातळ फिल्मवर ग्रॅव्ह्युअर पद्धतीने छपाई करून ती फिल्म विणलेल्या कापडावर चिकटवतात. या पद्धतीत प्रत्येक रंगासाठी धातूचा कोरीव रूळ लागतो, तो महाग असतो, आणि एकदा कोरल्यावर त्यात एक वेलांटी बदलायची म्हटली तरी नवा रूळ करावा लागतो. या एका कारणामुळे गिरणीमालकाला छपाईपूर्वीच्या मान्यतेचे, मुद्रितशोधनाचे आणि नमुना-प्रतीचे महत्त्व लगेच पटते.

यंत्रापाठोपाठ कायदा येतो. वेष्टनबंद वस्तूंच्या वैधमापनविषयक २०११ च्या नियमांनुसार अशा वेष्टनावर उत्पादकाचे किंवा भरणाऱ्याचे नाव व पत्ता, वस्तूचे नाव, निव्वळ वजन, महिना व वर्ष, सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत आणि ग्राहक-तक्रारीसाठी संपर्क द्यावा लागतो, आणि अंकांची किमान उंचीही ठरवून दिलेली आहे. खाद्यपदार्थ असल्यामुळे अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा १४ अंकी परवाना क्रमांक आणि हिरव्या चौकटीतील हिरवा ठिपका लागतो. ही सक्तीची माहिती इंग्रजीत किंवा देवनागरीतील हिंदीत असावी लागते आणि तिच्या जोडीने दुसरी भाषा वापरता येते; म्हणून रायपूरहून विदर्भात जाणाऱ्या तांदळाच्या बोरीवर मराठी मजकूर घालता येतो, पण तो सक्तीच्या मजकुराची जागा घेऊ शकत नाही. कराचा नियमही डिझाइनमध्ये शिरतो. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या वेष्टनबंद आणि लेबल लावलेल्या धान्यावर ५ टक्के वस्तू व सेवा कर लागू झाला, आणि तेव्हा अनेक गिरण्यांनी २५ ऐवजी २६ किलोच्या बोऱ्या काढल्या. वजनाचा एक अंक बदलला आणि त्यासाठी छपाईच्या पट्ट्या नव्याने कराव्या लागल्या. ज्या व्यावसायिकाने बदलू शकणारे अंक एकाच रंगाच्या पट्टीवर एकत्र ठेवले असतील, त्याच्या ग्राहकाचा खर्च अशा वेळी एका पट्टीवर भागतो. डिझाइन म्हणजे केवळ सजावट नव्हे, हे सांगण्यासाठी याहून नेमके उदाहरण शोधावे लागणार नाही.

छत्तीसगढातील सुगंधी तांदळाच्या जातींनी या कामाला आणखी एक पदर दिला आहे. सरगुजा भागातील जीराफूल या जातीला २०१९ मध्ये आणि धमतरी जिल्ह्यातील नगरी दुबराजला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. भौगोलिक मानांकन म्हणजे विशिष्ट प्रदेशामुळे ज्या वस्तूला विशिष्ट गुण आला आहे तिचे नाव त्या प्रदेशाबाहेरील उत्पादकाला वापरता येऊ नये यासाठी दिलेले कायदेशीर संरक्षण. अशा तांदळाचे वेष्टन करणाऱ्याने आधी हे तपासायला हवे की ग्राहक त्या मानांकनाचा नोंदणीकृत अधिकृत वापरकर्ता आहे की नाही. नसेल तर बोरीवर ते नाव ठळक अक्षरांत छापून देणे म्हणजे ग्राहकाला वादात लोटणे होय.

किंमत कशी ठरवावी हा यानंतरचा प्रश्न. बाजारात जो दर चालतो तो लावावा, असे सांगितले जाते. पण जेथे दरच चालत नाही तेथे हा सल्ला निरुपयोगी ठरतो. हिशेब उलट्या बाजूने मांडावा लागतो. समजा, दोन भागीदारांच्या कार्यालयाचा महिन्याचा खर्च, दोघांच्या घरखर्चासह, ९०,००० रुपये आहे. महिन्याला २५ दिवस आणि दिवसाला ८ तास धरले तर दोघांचे मिळून ४०० तास होतात. परंतु ग्राहकांच्या भेटी, दरपत्रके, वसुली, हिशेब, यंत्राची दुरुस्ती आणि रिकामे दिवस यांत निम्मे तास जातात, आणि ज्यांचे देयक करता येते असे २०० तास उरतात. म्हणजे एका तासाचा नुसता खर्च ४५० रुपये झाला. बुडीत उधारी आणि दोन-तीन वर्षांनी बदलावा लागणारा संगणक यांसाठी त्यावर एक पंचमांश वाढ धरली की दर ५४० रुपयांवर येतो, आणि ३० तासांच्या बोरी-डिझाइनची किंमत १६,२०० रुपये ठरते. यात नफा अजून धरलेलाच नाही. हे आकडे कल्पित आहेत आणि प्रत्येकाचे वेगळे असतील, पण पद्धत बदलत नाही. नवखा व्यावसायिक चारशेही तास विकले जातील असे गृहीत धरतो आणि वर्षभर भरपूर काम करूनही कर्जात जातो, ही चूक या पद्धतीने आधीच दिसते. तासांचा दर मात्र ग्राहकाला सांगण्यासाठी नसतो. ग्राहकाला संपूर्ण कामाची एक रक्कम, त्यात किती पर्याय आणि किती वेळा दुरुस्ती समाविष्ट आहे हे सांगून, लेखी द्यावी आणि त्यापुढील दुरुस्तीचा दर वेगळा लिहावा. कारण रायपुरातच काय, कोठेही, व्यवसाय तोट्यात जातो तो पहिल्या आराखड्यामुळे नव्हे, अकराव्या दुरुस्तीमुळे.

विचाराचे काम आणि छपाईचे काम वेगळे ठेवण्याचा प्रयत्न या शहराला अपरिचित नाही. माधवराव सप्रे यांचे ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक जानेवारी १९०० मध्ये सुरू झाले तेव्हा संपादनाचे काम पेंड्रा या गावी सप्रे आणि रामराव चिंचोलकर पाहत होते, प्रकाशनाची जबाबदारी रायपूरचे वामन बळीराम लाखे यांच्याकडे होती आणि छपाई रायपूरच्या कय्यूमी छापखान्यात होत असे. पुढे ती नागपूरच्या देशसेवक छापखान्याकडे गेली. मातृभाषा मराठी असलेल्या या तिघांनी मजकूर, मालकी आणि यंत्र अशी तीन कामे निरनिराळ्या हातांत ठेवली होती, त्यामुळे छापखाना बदलला तरी मासिकाचे व्यक्तित्व बदलले नाही. ते बंद पडले ते १९०२ च्या अखेरीस, आणि तेही मजकुराच्या किंवा छपाईच्या उणिवेमुळे नव्हे, पैशांच्या अडचणीमुळे : वर्गणीदार थोडे आणि त्यांतल्याही अनेकांची वर्गणी येईना. पुढे दासबोध आणि टिळकांचे गीतारहस्य हिंदीत आणणाऱ्या सप्र्यांच्या विद्वत्तेची थोरवी सर्वमान्य आहे, पण लघु उद्योगाच्या अभ्यासकाने त्यांच्या मासिकाचा जमाखर्चही तितक्याच आदराने वाचायला हवा, कारण वसुलीची व्यवस्था नसेल तर उत्तम काम तीन वर्षांत थांबते हे त्यातून दिसते.

डिझाइनवरील हक्क हा या व्यवसायाचा गाभा आहे, आणि त्याविषयी दोन्ही बाजूंचा समज बहुधा चुकीचा असतो. ‘पैसे मोजले म्हणजे बोधचिन्ह आपले झाले’ असे ग्राहक मानतो. १९५७ चा स्वामित्वहक्क कायदा तसे म्हणत नाही. या कायद्यानुसार कलाकृतीचा पहिला मालक तिचा कर्ता असतो. नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाची मालकी, वेगळा करार नसेल तर, मालकाकडे जाते, आणि मोबदला देऊन करवून घेतलेले छायाचित्र, रंगचित्र, व्यक्तिचित्र, उत्कीर्णन किंवा चित्रपट यांची मालकी ते करवून घेणाऱ्याकडे जाते. बोधचिन्हाचे रेखाटन किंवा वेष्टनाची मांडणी या यादीत नाही. म्हणून स्वतंत्र व्यावसायिकाने केलेल्या बोधचिन्हाचा स्वामित्वहक्क सर्वसाधारणपणे त्याच्याकडेच राहतो आणि ग्राहकाकडे तो लेखी अभिहस्तांकनानेच, म्हणजे हक्क कायमचे किंवा ठरावीक काळासाठी सोपवल्याच्या सहीनिशी केलेल्या दस्तऐवजानेच जातो. अशा दस्तऐवजात कोणते काम, कोणते हक्क, किती काळ आणि कोणत्या प्रदेशासाठी हे लिहावे लागते. काळ लिहिला नसेल तर कायदा ५ वर्षे धरतो, आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारत. अभिहस्तांकनानंतरही आपण त्या कृतीचे कर्ते असल्याचे सांगण्याचा नैतिक हक्क कर्त्याकडे राहतो.

या तरतुदीचा उपयोग ग्राहकाला अडवण्यासाठी करणारे व्यावसायिक असतात. तो अनिष्ट आहे. गिरणीमालकाला आपल्या बोरीवरच्या चित्राची मालकी हवी असणे रास्तच आहे, आणि ती त्याला द्यायलाच हवी. पण ती कधी द्यायची हे डिझाइनकाराने ठरवायचे असते. पूर्ण रक्कम जमा झाल्यावर हक्क हस्तांतरित होतील, तोपर्यंत ग्राहकाला फक्त नमुना पाहण्याचा अधिकार आहे, न निवडलेले पर्याय डिझाइनकाराचेच राहतील, आणि काम मध्येच थांबले तर झालेल्या टप्प्याची रक्कम देय होईल, ही चार वाक्ये दरपत्रकाखाली असली की वकिलाची गरज क्वचितच पडते. मूळ संपादनयोग्य फाइल द्यायची की फक्त छपाईयोग्य प्रत, हेही आधीच लिहावे. कारण मूळ फाइल हाती आली की ग्राहक ती सरळ त्याच फ्लेक्सच्या दुकानात नेतो, आणि तसे करण्याचा त्याला हक्क आहे की नाही यावर नंतर होणारा वाद दोघांनाही त्रास देतो.

स्वामित्वहक्कापलीकडे आणखी दोन कायदे डिझाइनकाराला ठाऊक असावे लागतात. १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्याखाली नाव व चिन्ह यांची नोंदणी १० वर्षांसाठी होते आणि तिचे नूतनीकरण करता येते; वस्तू व सेवा यांचे ४५ वर्ग केलेले असून तांदूळ तिसाव्या वर्गात, दागिने चौदाव्या वर्गात येतात, आणि छत्तीसगढातील अर्जांसाठी मुंबईचे नोंदणी कार्यालय सक्षम आहे. आधीच नोंदलेल्या चिन्हांचा सार्वजनिक शोध मोफत घेता येतो, आणि रेखाटनाची पेन्सिल उचलण्यापूर्वी तो घेणे हे डिझाइनकाराचे कर्तव्य समजले पाहिजे, कारण दुसऱ्याच्या चिन्हाशी जुळणारे देखणे चिन्ह देणे म्हणजे ग्राहकाच्या हाती नोटीस देणे आहे. दुसरा कायदा २००० चा डिझाइन कायदा. वस्तूचा आकार किंवा तिच्यावरील नक्षी यांना तो १० वर्षे आणि वाढवून आणखी ५ वर्षे संरक्षण देतो, पण ती नक्षी नोंदणीपूर्वी प्रसिद्ध झालेली नसावी अशी अट घालतो. येथे एक खाच आहे. या कायद्याखाली नोंदता येण्याजोगी नक्षी नोंदवली नाही आणि औद्योगिक पद्धतीने तिच्या ५० हून अधिक प्रती निघाल्या, तर तिच्यावरील स्वामित्वहक्कही संपतो. कोशाच्या साड्यांसाठी, म्हणजे टसर रेशमाच्या कापडासाठी, नक्षी काढणाऱ्या किंवा गृहसजावटीच्या वस्तू घडवणाऱ्या व्यावसायिकाला ही तरतूद माहीत नसेल तर पहिल्याच यशस्वी मालाबरोबर त्याचा हक्क निघून जातो.

कोशाचा उल्लेख आल्यावर बस्तरकडे वळावेच लागते. रायपूरहून जगदलपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास कोंडागाव आहे, आणि तेथील घडवा कारागिरांची ढोकरा कला साऱ्या देशाला परिचित आहे. मातीच्या गाभ्यावर मेणाच्या तारांनी आकृती विणायची, तीवर पुन्हा मातीचे लेप द्यायचे, भट्टीत मेण वितळवून काढायचे आणि त्या पोकळीत पितळेचा रस ओतायचा, अशी ही पद्धत असते. साचा फोडूनच वस्तू बाहेर निघत असल्यामुळे प्रत्येक वस्तू एकमेव असते. ‘बस्तर ढोकरा’ या नावाला भौगोलिक मानांकन आहे, पण मानांकन नावाचे रक्षण करते, आकृतीच्या वळणाचे नव्हे. त्यामुळे एखाद्या हॉटेलच्या बोधचिन्हासाठी ढोकरा शैलीची आकृती रेखाटणे मानांकनाच्या कायद्याने अडत नाही. मात्र एखाद्या हयात कारागिराची विशिष्ट मूर्ती समोर ठेवून तिची नक्कल करणे स्वामित्वहक्काच्या कक्षेत येते, आणि कायद्यात बसो वा न बसो, ते लाजिरवाणे आहे. रायपूरच्या डिझाइनकारांना या कारागिरांशी व्यवहार करण्याची जी सोय आहे ती मुंबई-पुण्याच्या डिझाइनकारांना नाही. कारागिराला नमुन्याच्या निर्मितीचे वेगळे पैसे द्यावेत, विक्रीतील वाटा लेखी ठरवावा आणि वस्तूबरोबरच्या चिठ्ठीवर त्याचे नाव छापावे. जो डिझाइनकार स्वतःच्या विचाराचे पैसे मागतो त्याने घडव्याच्या विचाराला मजुरीच्या दराने तोलू नये.

लिपीचा प्रश्न रायपुरात रोजच्या रोज उभा राहतो. तेथील छपाईच्या दुकानांत हिंदी मजकूर अजूनही मोठ्या प्रमाणावर कृतिदेव या जुन्या पद्धतीच्या अक्षरसंचात जुळवला जातो, ज्यात संगणक प्रत्यक्षात रोमन अक्षरेच साठवतो आणि केवळ अक्षरसंचामुळे ती देवनागरी दिसतात. अक्षरसंच बदलला की मजकूर अर्थहीन होतो, तो संकेतस्थळावर नेता येत नाही आणि शोधताही येत नाही. युनिकोड पद्धतीत प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा क्रमांक असल्यामुळे ही अडचण राहत नाही; र. कृ. जोशी यांनी रेखलेले आणि विंडोजबरोबर देशभर पोचलेले मंगल, किंवा मुंबईच्या एक टाइप या संस्थेचे मुक्त परवान्याखाली मिळणारे मुक्त, ही अशाच अक्षरसंचांची उदाहरणे होत. बोरीपासून संकेतस्थळापर्यंत एकच मजकूर वापरायचा असेल तर युनिकोडशिवाय गत्यंतर नाही, आणि विकतचा अक्षरसंच वापरायचा असेल तर त्याचा परवाना विकत घेणे हाही दरपत्रकातील खर्च धरला पाहिजे. मराठी मजकुराच्या बाबतीत आणखी एक बारकावा आहे. ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणे हिंदी वळणांहून वेगळी आहेत, आणि बहुतेक अक्षरसंच आपण होऊन हिंदी वळण दाखवतात. चांगल्या अक्षरसंचात भाषा मराठी निवडली की वळण बदलते. गणेशोत्सवाची किंवा महाराष्ट्र मंडळातील कार्यक्रमाची पत्रिका हाती आल्यावर ज्येष्ठ मराठी वाचकाला काहीतरी परके वाटते ते बहुधा यामुळे आणि ‘ळ’च्या जागी बसलेल्या ‘ल’मुळे. हे दुरुस्त करायला पाच मिनिटे लागतात, पण ते दिसायला डोळा लागतो.

नोंदणीच्या औपचारिकता तुलनेने सोप्या आहेत. एकट्याने सुरुवात करणाऱ्याला एकल मालकी पुरते. दोघे असल्यास १९३२ च्या कायद्याखाली लेखी भागीदारी करावी. उद्यम नोंदणी १ जुलै २०२० पासून सुरू असून ती विनाशुल्क होते. सेवांची वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांपर्यंत असेल तर वस्तू व सेवा कराची नोंदणी सामान्यतः सक्तीची नसते. नोंदणी झाल्यावर रायपुरातील ग्राहकाच्या देयकावर केंद्र व राज्य यांचा कर निम्मा-निम्मा आणि नागपूरच्या ग्राहकाच्या देयकावर एकत्रित कर लागतो.

यांपैकी उद्यम नोंदणीचे मोल वसुलीच्या वेळी कळते. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या २००६ च्या कायद्यानुसार नोंदणीकृत सूक्ष्म वा लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत चुकते करावे लागतात. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँकदराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज द्यावे लागते. आयकर कायद्यात २०२३ मध्ये झालेल्या दुरुस्तीने यात धार आली : मुदतीत न दिलेली अशी रक्कम ग्राहकाला त्या वर्षीचा खर्च म्हणून दाखवता येत नाही, ती प्रत्यक्ष दिल्याच्या वर्षीच दाखवता येते. त्यामुळे ग्राहकाचा सनदी लेखापालच मार्चअखेरीस त्याला पैसे देऊन टाकण्याचा सल्ला देतो. ओळखीपाळखीवर चालणाऱ्या शहरात कोणी व्याजाची नोटीस पाठवत नाही, पण देयकाच्या तळाशी उद्यम क्रमांक आणि ४५ दिवसांची मुदत छापलेली असणे पुष्कळदा पुरेसे ठरते. निम्मी रक्कम आगाऊ घेण्याला मात्र पर्याय नाही. भाताचा हंगाम, दिवाळी आणि लग्नसराई या काळात काम एकदम येते आणि पावसाळ्यात आटते. आगाऊ रकमेखेरीज या चढउतारात पगार देता येत नाहीत.

पगाराचा विषय येतो तेव्हा व्यवसायाने पहिला सहकारी घेतलेला असतो. खैरागढच्या इंदिरा कला संगीत विश्वविद्यालयातून, म्हणजे १९५६ पासून चालत आलेल्या विद्यापीठातून, चित्रकला वा शिल्पकला शिकून आलेले तरुण रायपुरात मिळतात, आणि छपाईच्या दुकानात घडलेले, यंत्राची नस ओळखणारे चालकही मिळतात. पहिल्या प्रकारच्या माणसाला फ्लेक्सोची पट्टी दाखवायला न्यावे लागते आणि दुसऱ्याला रिकाम्या कागदासमोर बसवावे लागते. दोघेही पगारी असतील तर त्यांच्या कामाचा हक्क कार्यालयाकडे येतो. परंतु हंगामाच्या गर्दीत रेखाटन, अक्षरलेखन किंवा चित्रण बाहेरच्या कलावंताकडून तुकड्यावर करून घेतले जाते, आणि तेथे कायदा पुन्हा कर्त्याच्या बाजूने उभा राहतो : त्या कलावंताने लेखी अभिहस्तांकन केलेले नसेल तर कार्यालयाकडे तो हक्क नसतोच, आणि जो हक्क नाही तो गिरणीमालकाला सोपवण्याचा दस्तऐवजही पोकळ ठरतो. म्हणून ग्राहकासाठी जी चार वाक्ये लिहिली, तीच कलावंताच्या दिशेने उलटवून, त्याच्या मोबदल्याच्या पावतीवर त्याच दिवशी सहीनिशी घ्यावी लागतात.